मोटर रेसिंगच्या वस्तू जमवायला सुरुवात करतोय, खरं-खोटं कसं ओळखायचं?

पिटवॉल_पंखा :

नमस्कार मंडळी. फॉर्म्युला वन (एफवन) आणि ल मांची २४ तासांची रेस लहानपणापासून बघतोय, गाड्यांची १:४३ ची मॉडेलं बरीच जमवून झाली, पण आता मनात असं बसलंय की एखादी तरी वस्तू अशी असावी जी खरोखर रेसला जाऊन आलीये. त्यासाठी गेले काही महिने ऑनलाइन लिलाव आणि कलेक्टर लोकांचे ग्रुप चाळतोय आणि जितकं बघावं तितका गोंधळ वाढतोय.

सध्या चार गोष्टींवर डोळा आहे. व्ही८ (आठ सिलिंडरच्या) काळातल्या एफवन इंजिनाचा पिस्टन, लाकडी स्टँडवर बसवलेला. मग २०१२ च्या सीझनमध्ये ड्रायव्हरने वापरलेलं म्हणून सांगितलेलं एक हेल्मेट. योखेन रिंटचा सही केलेला फोटो, आणि विक्रेता म्हणतो की सहीखालचं 'वर्ल्ड चॅम्पियन १९७०' हे पण त्यानेच लिहिलंय. आणि मॅक्लारेनच्या १९९९ च्या गाडीच्या इंजिन कव्हरचा तुकडा, त्यावर 'वेस्ट' सिगरेटचा लोगो, सिल्व्हरस्टोनच्या रेसमध्ये वापरलेला म्हणतात. चारही वस्तूंबरोबर ऑथेंटिसिटी सर्टिफिकेट आहे, होलोग्रामसकट.

तर या सर्टिफिकेटवर कितपत विसंबायचं? आणि यातलं आधी काय घ्यावं की सुरुवातच दुसऱ्या कशाने करावी? वस्तू घरी आली की ती टिकवायची कशी हे पण कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

हेअरपिन_आजोबा :

अरे सर्टिफिकेट आधी बाजूला ठेव. ते लिहिलंय कोणी ते बघ. टीमने स्वतः दिलं असेल, टीमच्या अधिकृत विक्रेत्याने दिलं असेल, किंवा ज्या मेकॅनिककडे ती वस्तू इतकी वर्षं होती त्याने स्वतःचं नाव, टीममधलं काम आणि साल घालून पत्र दिलं असेल तर त्याला वजन आहे. विकणाऱ्यानेच छापलेलं सर्टिफिकेट म्हणजे विकणाऱ्याचा शब्द, बाकी काही नाही, होलोग्राम कोणीही छापून घेऊ शकतो.

आता चांगली गोष्ट अशी की मोटर रेसिंगचे नियम दर काही वर्षांनी बदलतात आणि ते बदल सगळे नोंदलेले आहेत, त्यामुळे वस्तू स्वतःच आपला काळ सांगते, फक्त विचारता आलं पाहिजे.

रिंटचा फोटो सोडून दे. रिंट ५ सप्टेंबर १९७० ला मोन्झाला क्वालिफाइंगच्या दिवशी गेला. तेव्हा चॅम्पियनशिप ठरलेलीच नव्हती. पुढे ४ ऑक्टोबरला वॉटकिन्स ग्लेनला फिट्टिपाल्डी जिंकला आणि त्याचा प्रतिस्पर्धी इक्स आता रिंटला गाठू शकत नाही हे तेव्हा पक्कं झालं. मेल्यानंतर चॅम्पियन झालेला तो एकमेव ड्रायव्हर. त्याच्या हातून 'वर्ल्ड चॅम्पियन १९७०' लिहिलं जाणं शक्यच नाही. मला या गोष्टीचा खरंच राग येतो, कारण त्या माणसाबद्दल एवढी साधी माहिती नसलेले लोक त्याच्या नावावर धंदा करतायत.

अशीच तपासणी सगळ्या सह्यांना लाव. जिम क्लार्क ७ एप्रिल १९६८ ला होकेनहाइमला गेला, झिल विलनव्ह ८ मे १९८२ ला झोल्डरला, आयर्टन सेना १ मे १९९४ ला इमोलाला. त्या तारखेनंतर छापलेल्या कार्डावर किंवा पुस्तकावर त्यांची सही असू शकत नाही. पण उलटं पण लक्षात ठेव, फँजिओ १९९५ पर्यंत होता आणि स्टर्लिंग मॉस २०२० पर्यंत, आणि दोघेही म्हातारपणीही सह्या देत होते, तेव्हा १९५० च्या दशकातल्या फोटोवर मार्कर पेनची सही दिसली म्हणून लगेच खोटी म्हणू नकोस, नंतर केलेली असेल.

आता पिस्टन. विक्रेत्याला सांग की व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावून व्यासाचा फोटो पाठव. २००६ ते २०१३ ची इंजिनं २.४ लिटरची व्ही८, सिलिंडरचा व्यास जास्तीत जास्त ९८ मिलिमीटर असा नियमच होता आणि सगळे उत्पादक त्या मर्यादेला जवळजवळ चिकटून होते. २०१४ पासूनच्या १.६ लिटर व्ही६ हायब्रिडला व्यास ८० मिलिमीटर ठरवूनच दिलाय. म्हणजे एका मापात निम्मा निकाल लागतो. शिवाय आकार बघ. एफवनचा पिस्टन उंचीला अगदी बुटका असतो, खालचा स्कर्ट नावापुरता, माथ्यावर चार व्हॉल्व्हसाठी खोल खाचा. साध्या गाडीच्या पिस्टनशेजारी ठेवला की लहान मुलाला पण फरक कळेल. आणि आतल्या बाजूला पार्ट नंबर कोरलेला असतो. टीम आणि इंजिन कंपन्या प्रत्येक पार्ट किती किलोमीटर चालला याचा हिशोब ठेवतात, त्यामुळे नंबर नसलेला किंवा घासून काढलेला पार्ट मी हातात घेत नाही.

हेल्मेट २०१२ चं म्हणतोस तर तीन गोष्टी बघ. अपघातात मान वाचवणाऱ्या 'हान्स' पट्ट्यांचे दोन खिळे दोन्ही बाजूंना असलेच पाहिजेत, एफवनमध्ये हान्स २००३ पासून सक्तीचं आहे. आत एफआयएचं, म्हणजे मोटर रेसिंगचे नियम करणाऱ्या जागतिक संस्थेचं, ८८६० मानकाचं लेबल पाहिजे. आणि व्हायझरच्या, म्हणजे पुढच्या काचेच्या, वरच्या कडेला झायलॉन या मजबूत धाग्याची पट्टी पाहिजे. २००९ ला हंगेरीत बारिचेल्लोच्या गाडीतून निघालेली स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर बसली, त्यानंतर २०११ पासून ती पट्टी आली. व्हायझर नंतर बदलला गेला असू शकतो, म्हणून फक्त पट्टी नाही एवढ्यावर निकाल देऊ नकोस, पण खिळे आणि लेबल दोन्ही नसतील तर ते शोकेससाठी बनवलेलं हेल्मेट आहे.

मॅक्लारेनच्या तुकड्याबद्दल नोमेक्सताईंना लिहू दे, तो त्यांचा विषय.

कागदवेडी :

आजोबांनी धातूचं आणि सह्यांचं सांगितलं, मी कागदाची बाजू मांडते कारण माझं ठाम मत आहे की सुरुवात कागदाने करावी. प्रोग्रॅम, तिकिटं, पिट पास, टाइमिंग शीट, प्रेस किट, पोस्टर. पार्ट ट्रॅकवर गेला होता की नाही हे सिद्ध करायला घाम फुटतो, पण रेसच्या दिवशी गेटवर विकलेला प्रोग्रॅम हा त्या दिवसाचा असतोच, त्यात कोण कुठल्या गाडीत कुठल्या नंबरवर होतं ते सगळं छापलेलं असतं, आणि एखाद्या प्रेक्षकाने पेन्सिलीने मार्जिनमध्ये लॅप टाइम आणि कोण कुठे बाहेर पडला ते लिहून ठेवलेलं असतं. लोक अशा खुणा असलेला प्रोग्रॅम कमी दर्जाचा मानतात, मला तर तोच हवा असतो! त्या माणसाने ती रेस बघितली त्याचा तो पुरावा आहे.

त्यातही मला सगळ्यात आवडतात ते न झालेल्या किंवा बिनसलेल्या रेसचे कागद. मार्च २०२० मध्ये मेलबर्नला शुक्रवारी सकाळी रेस रद्द झाली तेव्हा टीम ट्रॅकवर हजर होत्या, सगळं छापून तयार होतं. मे २०२३ मध्ये पुरामुळे इमोला रद्द झाली. २०२१ ची स्पा, जिथे पावसात सेफ्टी कारच्या मागे काही लॅप झाले आणि अर्धे पॉइंट दिले. २००५ ची इंडियानापोलिस, वीस गाड्या फॉर्मेशन लॅपला निघाल्या आणि मिशेलिन टायरवाल्या चौदा गाड्या पिटमध्ये परत गेल्या, रेस झाली सहा गाड्यांची. या रेसचा प्रोग्रॅम उघडला की आत सगळ्या टीमच्या मोठमोठ्या आशा छापलेल्या दिसतात आणि पुढे काय झालं ते आपल्याला माहीत असतं, त्याने अंगावर काटा येतो.

पण कागदातही खोटं आहे बरं का. जुन्या नामांकित रेस, म्हणजे १३ मे १९५० ची सिल्व्हरस्टोनची पहिली चॅम्पियनशिप रेस (फारिना जिंकला ती), किंवा १९३० च्या दशकातली जेओ हॅमने काढलेली मोनॅकोची पोस्टरं, यांच्या नंतरच्या छपाया भरपूर फिरतायत. ओळखायला दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. जुन्या लिथोग्राफ पोस्टरमध्ये रंगाचा पट्टा सलग किंवा अनियमित दाणेदार दिसतो, ऑफसेटवर काढलेल्या नकलेत शिस्तीत मांडलेल्या ठिपक्यांच्या रांगा दिसतात. प्रोग्रॅमची स्टेपल बघा. जुनी स्टेपल गंजते आणि गंजाचा डाग कागदात उतरतो, जुनाट पिवळा कागद आणि चकचकीत नवी स्टेपल अशी जोडी दिसली की थांबायचं. सह्यांची कार्डं बघताना पण हेच भिंग, कारण टीम फुकट वाटतात त्या ड्रायव्हर कार्डांवर बऱ्याचदा सही छापलेलीच असते, ती ठिपक्यांची बनलेली दिसते. खऱ्या पेनाच्या रेघेला दाब कमीजास्त असतो आणि कार्ड तिरकं धरलं की शाई वेगळी चमकते.

ठेवण्याबद्दल एवढंच की लॅमिनेशन कधीही करू नका, सेलोटेप कधीही लावू नका. ॲसिड नसलेला कागद किंवा बोर्ड आणि पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं, पीव्हीसीची नकोत, ती काही वर्षांनी चिकट होऊन छपाई उचलून घेतात. थर्मल प्रिंटरवर निघालेलं तिकीट असेल तर त्याचा लगेच स्कॅन काढून ठेवा, ती अक्षरं उडतातच. आणि मार्करची सही भिंतीवर उन्हासमोर लावली तर काही वर्षांत फिकट होते, मूळ पेटीत आणि भिंतीवर प्रत.

केशरी_ओव्हरऑल :

मी रेसला मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला सुरक्षेचं काम बघणारा, म्हणून उभा राहतो, त्यामुळे एक मुद्दा मला कळकळीने सांगावासा वाटतो. 'अपघातानंतर ट्रॅकवरून उचललेला कार्बनचा तुकडा' असं लिहून जे विकतात ते घेताना दहा वेळा विचार करा. तो तुकडा टीमचा असतो. आम्ही गोळा करतो ते टीमला परत जावं म्हणून, कारण काय तुटलं आणि का तुटलं हे त्यांना बघायचं असतं, आणि एखाद्या विंगचा आकार दुसऱ्या टीमच्या हाती लागू नये हे पण असतंच. टीमने नंतर स्वतः विकलेला तुकडा असेल तर त्याबरोबर टीमचे कागद असतात, तो बिनधास्त घ्या. २०२३ ला मेलबर्नमध्ये मॅग्नुसनच्या गाडीचा तुकडा उडून एका प्रेक्षकाच्या हाताला लागला, आणि त्याच रेसनंतर लोक वेळेआधी ट्रॅकवर घुसले. तुकड्यांसाठी कुंपण ओलांडणाऱ्या लोकांना मागणी आपल्यासारखे कलेक्टर पुरवतात.

अजून एक. तुटलेल्या कार्बन फायबरची कड उघड्या हाताने धरू नका, त्याची कुसळं कातडीत शिरतात आणि निघता निघत नाहीत. कडेला पातळ रेझिन लावून घ्या किंवा फ्रेममध्ये बंद ठेवा.

पिटवॉल_पंखा :

आजोबा, कागदवेडी ताई, केशरी दादा, मनापासून आभार. रिंटचा विषय तर संपलाच. पिस्टनवाल्याला व्हर्निअरचा फोटो मागितलाय. मॅक्लारेनच्या तुकड्याची वाट बघतोय, कारण खरं सांगायचं तर चौघांत माझा जीव त्याच्यावर जास्त आहे, तेव्हाचा मॅक्लारेनचा ड्रायव्हर मिका हॅकिनेनचा चाहता आहे मी.

नोमेक्स :

सिल्व्हरस्टोन आणि 'वेस्ट' हे जमत नाही. त्या काळात ब्रिटनच्या आणि फ्रान्सच्या रेसला गाड्यांवर तंबाखूची जाहिरात चालत नव्हती, म्हणून तिथे मॅक्लारेन 'वेस्ट'च्या जागी त्याच अक्षरांच्या वळणात ड्रायव्हरचं नाव लिहायचं, 'मिका' आणि 'डेव्हिड'. जॉर्डन टीमने 'बेन्सन अँड हेजेस' या सिगरेटच्या नावाची मधलीच अक्षरं ठेवून 'बी ऑन एज' केलं होतं. तेव्हा तुमचा तुकडा मॅक्लारेनचाच असू शकतो, पण सिल्व्हरस्टोनचा नाही, आणि जो विक्रेता रेस चुकीची सांगतो त्याला बाकीचं तरी किती माहीत असणार. उलट कुठे 'मिका' लिहिलेला तुकडा मिळाला तर तो सोडू नका, कारण तो मोजक्याच रेसचा असू शकतो आणि फोटोंशी ताडून बघणं त्यामुळे सोपं जातं. हॅकिनेनच्या चाहत्याला याहून चांगलं काय मिळणार!

फोटोशी ताडणं हा माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा. फोटो एजन्सींचे संग्रह ऑनलाइन बघता येतात, त्यात त्या वीकेंडचे मोठ्या आकाराचे फोटो शोधायचे आणि स्टिकरची कड कुठे वाकडी बसलीये, स्क्रू कुठे आहेत, ओरखडा कुठे आहे, सूट असेल तर स्पॉन्सरचा पॅच शिवणीपासून किती लांब आहे, ते एकेक जुळवायचं. सूट हाताने बनतात, दोन सूट अगदी सारखे कधी नसतात. मोन्झा २००१ हे त्याचं टोकाचं उदाहरण, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची ती रेस, फेरारीने गाड्यांवरचे सगळे स्पॉन्सर काढले आणि नाक काळं रंगवलं. तसं नाक कोणी विकायला काढलं तर ते एकाच वीकेंडचं असणार, चूक व्हायला जागाच नाही.

पण तिथेच दुसरा सापळा आहे तो शो कारचा. टीम जाहिरातींसाठी आणि शोरूमसाठी गाड्यांच्या प्रतिकृती बनवतात, त्यावरचे स्टिकर अस्सल, रंग अस्सल, विकते पण टीमच, फक्त ती कधी रेसला गेलेली नसते. बॉडीवर्कची आतली बाजू दाखवा म्हणायचं. रेसच्या तुकड्याला आतून काळं कार्बनचं विणकाम दिसतं, उष्णता रोखणारा चंदेरी थर असतो, दुरुस्तीची ठिगळं असतात, पार्ट नंबरचं स्टिकर असतं. शो कारचं बरंचसं ग्लास फायबर, आतून खडबडीत, आणि वजनाला जड. शो कारचा भाग घेण्यात काही वाईट नाही, माझ्याकडे पण आहे, फक्त तो तसाच म्हणून विकला जावा.

सूट घ्यायचा झाला तर कॉलरच्या मागे बाहेरून भरतकाम केलेलं एफआयएचं मानक बघा, ८८५६-२००० किंवा नव्या सूटवर ८८५६-२०१८. खांद्यावरच्या पट्ट्या ओढून बघा, ड्रायव्हरला गाडीतून बाहेर खेचायला त्या असतात त्यामुळे त्या भक्कम शिवलेल्या असतात, चाहत्यांसाठी विकतात त्या सूटला नुसत्या दिखाव्याच्या. ग्लव्ह २०१८ नंतरचे म्हणून विकत असतील तर नाडीचे ठोके मोजणारा सेन्सर आत शिवलेला असायला हवा. आणि कृपा करून सूट धुऊ नका. पोडियमवरच्या शॅम्पेनचे डाग, बेल्ट घासून पडलेली खांद्यावरची चमक, गुडघ्यावरची काळी खूण, हाच तर त्या सूटचा इतिहास, आणि फोटोशी जुळवायला तेच उपयोगी पडतं. हँगरवर वर्षानुवर्षं लटकवला तर खांदे ओघळतात, आडवा ठेवा, घडीच्या जागी ॲसिड नसलेला कागद गुंडाळून घाला.

टायरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. २०११ पासून टायर पुरवणारी पिरेली कंपनी ते टीमला विकत नाही, वीकेंड संपला की परत नेते, तेव्हा त्यानंतरचं अख्खं 'रेस वापरलेलं' टायर दिसलं तर ते बाहेर कसं आलं हे विचारा. आणि खाचांचे टायर १९९८ ते २००८ चे. १९९८ ला पुढच्या टायरला तीन खाचा होत्या, १९९९ पासून चार, एवढ्यावर साल चुकीचं सांगणारे पकडता येतात.

डायकास्ट_१८ :

मूळ प्रश्नाला सोडून आहे पण पंखा दादांकडे मॉडेलं आहेत म्हणून सांगतो. आधीच्या पिढीतली जस्ताच्या मिश्रधातूची मॉडेलं असतील तर अधूनमधून खालून तपासा. ओतकामात शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर धातू आतून फुगतो, तडे जातात, आणि त्याला उपाय नाही. दमट जागा टाळा एवढंच हातात आहे. आणि मॉडेलवर तंबाखूचे लोगो असले म्हणजे ते कंपनीतूनच तसं आलं असं नाही, बरीच मॉडेलं लोगोशिवाय विकली गेली आणि कलेक्टरांनी नंतर डेकल (चिकटवायचे छापील लोगो) लावली. विकताना ते सांगावं.

पिटवॉल_पंखा :

पिस्टनवाल्याचा फोटो आला, व्हर्निअरवर ८६ मिलिमीटर दिसतंय. आणि पार्ट नंबरबद्दल विचारलं तर 'पॉलिश करताना गेला' म्हणाला.

हेअरपिन_आजोबा :

मग तो २००६ ते २०१३ च्या व्ही८ काळातला एफवनचा नक्की नाही, नमस्कार करून मोकळा हो. आणि पॉलिशचा विषय निघालाच आहे तर सांगतो, १९९० च्या दशकाच्या शेवटी काही एफवन इंजिनांत बेरिलियम मिसळलेल्या अॅल्युमिनियमचे पिस्टन होते, पुढे एफआयएने त्या धातूवर बंदी आणली. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. त्या काळातला पिस्टन कधी मिळाला तर त्याला पॉलिश पेपर लावायचा नाही, घासायचा नाही, भोक पाडायचं नाही, काजळी आहे तशी राहू दे. मॅग्नेशियमच्या जुन्या चाकांना पण ड्रिल लावू नकोस, त्याचा कीस पेट घेतो.

पिटवॉल_पंखा :

ठरलं. हेल्मेटवाल्याकडून आतल्या लेबलचा आणि हान्सच्या खिळ्यांचा फोटो मागवलाय, तोवर कागदवेडी ताईंचं ऐकून कागदाने सुरुवात करतो. १९९८ च्या सुझुकाचा, म्हणजे हॅकिनेन पहिल्यांदा चॅम्पियन झाला त्या रेसचा प्रोग्रॅम आणि त्याच माणसाकडचा त्याच वीकेंडचा एक पास मिळतोय. त्याने ग्रँडस्टँडवरून स्वतः काढलेले फोटो पण दाखवले, एका फोटोत तोच पास त्याच्या गळ्यात दिसतोय. एकच अडचण आहे, पास प्लास्टिकच्या पाकिटात आहे आणि पाकीट एका कोपऱ्यात कार्डाला चिकटलंय. ओढून काढू का?

कागदवेडी :

अजिबात ओढू नका, छपाईचा थर प्लास्टिकबरोबर निघून येईल. चिकटलेला कोपरा सोडून बाकीचं पाकीट बारीक कात्रीने कापून काढा, चिकटलेला तुकडा तसाच राहू दे, आणि मग कार्ड पॉलिएस्टरच्या पाकिटात घाला. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. गळ्यात अडकवायची पट्टी काढून वेगळ्या पाकिटात ठेवा कारण तिच्या हुकचा गंज कार्डावर उतरतो, पण टाकू नका, ती पण त्याच वीकेंडची आहे. आणि त्या माणसाकडून त्या फोटोची प्रत मागून घ्या, मागे त्याच्याच हाताने रेस, साल आणि तो कुठल्या स्टँडला बसला होता ते लिहून. पासाच्या मागे काही लिहू नका, ते सगळं फोटोवर.